भांग पाडलेला सिंह

तांबूळदऱ्याचा सिंह पाहिलाय का कधी? नाही? मग काय पाहिलंत हो! सोंगं साऱ्या मुलखात निघतात. वाघ निघतात, अस्वलं निघतात, वानरांची तर झुंबड असते. पण मधोमध भांग पाडलेला, आयाळीला खोबरेल चोपडलेला, जवळून गेला की शिकेकाईचा वास येणारा सिंह एकट्या तांबूळदऱ्यात. परगावची माणसं पोट धरून हसतात. "काय हो, सिंह लग्नाला निघालाय वाटतं?" म्हणतात. हसू द्या बापडी. हा सिंह डरकाळी फोडत नाही हे कळलं की आणखी हसतात. मग तो दारोदार जाऊन काय विचारतो ते त्यांच्या कानावर पडतं, आणि सगळी चिडीचूप होतात.

हे असं का, ते सांगतो. ही गोष्ट गोजराक्काची आहे. मधे कुणी उठायचं नाही, आणि 'पुढं काय' म्हणून घाई करायची नाही. पुढचं पुढं येईल.

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. ओढ्याकाठचा उंबर तेव्हा काठीएवढा होता, एवढं धरून चाला. त्या काळी तांबूळदऱ्यात कोंडिबा नावाचा माणूस राहायचा. जत्रेला जनावरांची जी सोंगं निघत, त्यांचे केसांचे टोप तो बनवायचा. त्याला दोन मुली. थोरली गोजरा, धाकटी राही. राही जन्माला आली आणि तिची आई गेली. मग राहीची आई कोण झाली? गोजरा. स्वतः परकरात होती पोर, पण कडेवर राहीला घेऊन सारं घर सांभाळायची.

आणि राहीचे केस! काय सांगावं! चालायला लागली तेव्हा कमरेवर, नहाण आलं तेव्हा गुडघ्यावर. रोज सकाळी उंबऱ्यात बसून गोजरा तिची वेणी घालायची. एवढ्या केसांत फणी अडकणारच. अडकली की राही ओरडायची, "आक्का, दुखतंय!" आणि गोजरा गुंता हलक्या हातानं उकलत म्हणायची, "उगी. सुटलाच बघ." रोजचं होतं ते. शेजारणी म्हणायच्या, कोंबडं आरवायचं राहिलं तरी चालेल, पण ह्या दोघींचं 'दुखतंय' अन् 'सुटलाच बघ' ऐकल्याशिवाय गावात दिवस उगवत नाही.

फणीत जे केस निघतात त्याला गुंतवळ म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे. जुन्या बायका ते उघड्यावर टाकत नसत. कुणाच्या हाती पडलं आणि त्यानं करणी केली म्हणजे? म्हणून त्यावर थुंकायचं आणि भिंतीच्या भोकात खोचून ठेवायचं. गोजरानं राहीला गुंतवळ बांधायला शिकवलं. बोटाला गुंडाळायचं, टोक आतून ओढून घ्यायचं आणि वर चिमणीच्या चोचीएवढी गाठ मारायची. "अशी गाठ मारली की वारा नेत नाही," ती म्हणायची. "आन् कुणाचं कुठलं ते समजतं." चिमणगाठ म्हणायच्या दोघी तिला. साऱ्या गावात ती गाठ ह्या दोघींनाच यायची.

पुढं गोजराचं लग्न झालं. सासरी गेली, आणि पहिल्याच वर्षी तिला विषमाचा ताप आला. ताप गेला, पण जाताना डोक्यावरचे सगळे केस घेऊन गेला. भुवयासुद्धा राहिल्या नाहीत. सासऱ्यानं तिला गाडीत घातली आणि बापाच्या दारात आणून सोडली. "बोडकं तोंड सकाळी सकाळी कोण बघणार?" म्हणाला. झालं. तेव्हापासून गोजरानं डोक्याला घट्ट फडकं बांधलं आणि ते कधी कुणापुढं सोडलं नाही.

कोंडिबाचे हात तोवर थरथरायला लागले होते. मग गोजरा टोप बांधायला बसली. भोपळा पालथा घालायचा, त्यावर सुतळीची जाळी बसवायची, दोन खुंट्यांत दोरा ताणून त्यावर केसन् केस गाठवायचा आणि मग त्या झालरी दाभणानं जाळीवर शिवत जायच्या. अस्वलाला काळ्या शेळीचे केस, वानराला अंबाडीचा वाख, रानडुकराला घायपाताचे ताठ दोर. जिवंत जनावराचा केस तिनं कधी कापला नाही. डोंगरात करवंदीच्या जाळीला, बोरीच्या काट्याला जे अडकून राहिलं असेल तेवढं वेचून आणायची. "जनावरानं आपणहून ठेवलंय, त्ये आपलं," म्हणायची.

आणि काय हात होता तिचा! असं म्हणतात, तिनं केलेला अस्वलाचा टोप उन्हात वाळत घातला की मधमाश्या पोळं सोडून पळत. वानराचा टोप कौलावर ठेवला तर खरी वानरं येऊन त्याच्या उवा बघत बसायची. एकदा म्हणे एक खरंच अस्वल डोंगरावरून उतरलं, गोजराच्या अंगणातल्या टोपाशी नाक नेलं, बराच वेळ हुंगलं, आणि आईची आठवण झाल्यासारखं कण्हत परत गेलं. आता हे कुणी पाहिलं, असं विचारू नका. ज्यानं पाहिलं त्यानं सांगितलं, ज्यानं ऐकलं त्यानं पुढं सांगितलं, आणि खोटं बोलून त्यांना कुठं इनाम मिळणार होतं?

असं चाललेलं असताना एका जत्रेत येसाजी चौगुल्यानं राहीला पाहिलं. पाहिलं म्हणजे तिचे केस पाहिले. तोंडाकडं बघायला त्याला सवड झाली नाही. चौगुल्यांचं घर गावात मातबर. जत्रेत सगळ्यांत शेवटी सिंह निघायचा, त्या सिंहाचं सोंग घ्यायचा मान त्यांचा. सिंहाची डरकाळी जेवढ्या शिवारात ऐकू जाईल तेवढं शिवार पिकतं, असं लोक मानायचे. त्यामुळं येसाजीपुढं कुणी मान वर करून बोलायचं नाही. त्यानं मागणी घातली आणि लग्न झालं.

आणि राही त्या घरात गेली ती गेलीच.

चौगुल्यांच्या आवाराला उंच कुसू, दगडी भिंतीचं. आड आतच, जातं आतच, तुळस आतच. बाईमाणसानं बाहेर पडायचं कारणच ठेवलं नव्हतं. गोजरा पहिल्या सणाला राहीला न्यायला गेली, तर येसाजीनं तिला दारातच अडवलं. "तुझ्या बोडक्या डोक्याची सावली माझ्या बायकोवर नको," म्हणाला. "उद्या तिचं केस गळालं तर?" पुन्हा गेली, पुन्हा तेच. कोंडिबा वारला तेव्हा गावानं त्याला खांद्यावर घेतला, पण चौगुल्यांचं दार काही उघडलं नाही. बापाचं तोंड बघायला पोरीला सोडली नाही त्या माणसानं. काळीज होतं की दगड!

एका गावात दोघी बहिणी. इकडं भाकरी थापली तर तिकडं ऐकू जावं, एवढंच अंतर. गोजरा रोज दिवेलागणीला ओढ्यावर उभी राहून चौगुल्यांच्या घरावरचा धूर बघायची. धूर निघाला म्हणजे राहीनं चूल पेटवली, चूल पेटवली म्हणजे राही आहे. एवढ्यावर तिनं कित्येक वर्षं काढली. राही कशी असेल, हा एकच घोर तिच्या जिवाला लागलेला. खायला बसली तरी तोच, डोळा लागला तरी तोच.

मग एका सालात काय झालं, सिंहाची जुनी आयाळ उंदरांनी खाल्ली. पेटारा उघडला तर आत नुसता भुगा. येसाजी गोजराच्या अंगणात आला. आत पाऊल टाकलं नाही, बाहेरूनच बोलला.

"सिंहाची आयाळ पायजे. आन् अंबाडीची नगं. खऱ्या केसाची पायजे. दहा गावांत बोलबाला झाला पायजे माझ्या सिंहाचा."

गोजरा म्हणाली, "सिंव्ह काय आपल्या डोंगरात न्हाई. त्येचं केस कुठनं आणू? एवढा लांब केस फकस्त बाईमाणसाचा. घराघरातनं गुंतवळ गोळा करावं लागंल."

"कर की मग."

"मान तुमचा. मग पयलं गुंतवळ तुमच्या घरचं लागंल."

येसाजी घुटमळला. पण दहा गावांत बोलबाला म्हटल्यावर माणूस वाकतो. "धाडतो," म्हणाला आणि गेला.

आता हुशार माणसं म्हणतील, गोजरानं तेव्हाच सारा बेत आखला होता. अजिबात नाही. तिच्या मनात एवढंच होतं, की राहीचे केस एकदा हाताला लागावेत. बहीण भेटत नाही तर निदान तिचं गुंतवळ तरी. बाकी कसलाच विचार तिच्या डोक्यात नव्हता.

ती घरोघर फिरली. पण बायका कुठल्या देतात! एकजात सगळ्यांनी पदर तोंडाला लावला. "अगं, आमचं गुंतवळ तुझ्या हाती देऊन आम्ही करणीला आवतण देऊ व्हय?" गोजरा ह्या दारातून त्या दारात गेली आणि रिकामी ओंजळ घेऊन पाणवठ्यावर आली. तिथं सगळ्याजणी होत्याच. मग तिनं काय केलं? साऱ्यांसमोर डोक्याचं फडकं सोडलं. त्या दिवसापर्यंत कुणी तिचं डोकं पाहिलं नव्हतं. उन्हात ते नुसतं चमकत होतं.

"बघा," ती म्हणाली. "मला करणी येत असती, तर आधी ह्या माळावर चार केस उगवलं नसतं व्हय?"

कुणाला हसावं की रडावं कळेना. ठकूबाई म्हणून एक म्हातारी होती, जिभेची तिखट, मनानं लोणी. ती आधी हसली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कमरेच्या पिशवीतून तिनं पांढऱ्या केसांचा पुंजका काढला. "घे माझं. सिंव्ह म्हातारा दिसला तर मला बोल लावू नगंस." आणि मग काय! ज्या बायका तोंड फिरवत होत्या, त्या भिंतीची भोकं उकरायला पळाल्या. लेकीसुनांचं, जावानणंदांचं, सारं गुंतवळ गोजराच्या परडीत पडलं. आणि प्रत्येक बाई ते देताना काहीतरी बोलून गेली. कुणी सुस्कारा टाकला, कुणी सासूला शिव्या घातल्या, कुणी नुसतीच उभी राहिली. केस विंचरताना बाई जे मनात बोलते ते केस ऐकत असतात, असं म्हणतात. गोजरानं त्या दिवशी तेही ऐकलं.

शेवटी चौगुल्यांच्या कुसवावरून एक पुरचुंडी बाहेर पडली. गोजरा ती पदरात घेऊन घरी आली, दार लावून घेतलं आणि सोडली. आत गुंतवळांचा ढीग. प्रत्येकाला चिमणगाठ.

ती गाठ बघून गोजराला हुंदका फुटला. कधीची शिकवलेली गाठ, अजून तशीच मारतेय पोर! मग तिनं एकेक गाठ सोडली, केस मोकळे केले, आणि तिचा हात थांबला. केसांत पांढरे किती तरी. राहीचं काही पांढरं व्हायचं वय नव्हतं. आणि फणीत आलेला केस कसा येतो ते गोजराला ठाऊक होतं. तो सुटून येतो, हलका, वळलेला. हे केस सुटून आलेले नव्हते. मुळांसकट आले होते, झुबक्या-झुबक्यानं. कुणीतरी धरून ओढलेले.

गोजरानं ते केस मुठीत धरले. राही कशी असेल, त्याचं उत्तर मिळालं होतं. आता दार कोण उघडणार? पाटील चौगुल्याचा मित्र, गाव चौगुल्याच्या धाकात. कुणाला सांगायचं? तिनं डोळे पुसले, भोपळा पालथा घातला आणि कामाला लागली. सगळ्या बायकांचे केस तिनं रिठ्यानं धुतले, शिकेकाईनं धुतले, खोबरेलात चोळले, आणि एकेक केस दोऱ्यावर गाठवत गेली. प्रत्येक गाठीला म्हणायची, "उगी. सुटलाच बघ." राहीचे केस मात्र तिनं बाजूला ठेवले होते. ते सगळ्यांत शेवटी घेतले आणि सिंहाच्या उजव्या कानापाशी शिवले. वर चिमणगाठ मारली. जिथं ऐकू जाईल तिथं.

जत्रेचा दिवस आला. उन्हं कलली आणि देवळापुढच्या पटांगणात हलगी कडाडली. आधी वानरं नाचून गेली, मग अस्वल, मग रानडुकरं. दहा गावची माणसं झाडांवर चढून बसलेली. सिंहाची वेळ झाली. येसाजी अंगाला पिवळा रंग फासून चौरंगावर बसला. आयाळ चढवायची तर दुसरं कोण येणार? गोजराला बोलावलं. तिनं आयाळ त्याच्या डोक्यावर ठेवली, बंद बांधले, केस पाठीवर सोडले. आणि तिच्या हातून एक चूक झाली. चूक म्हणा, सवय म्हणा. इतकी वर्षं हाताला कुणाचं डोकं लागलं नव्हतं. समोर लांब केस दिसले, बोटं आपोआप चालली, आणि तिनं सिंहाच्या आयाळीत मधोमध भांग पाडला.

पटांगणात हशा पिकला. "अरे सिंव्हाला भांग! कुंकू लावा, कुंकू!" येसाजी दात खाऊन उठला. ह्यांना डरकाळीनं गप्प करतो म्हणून छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

डरकाळी आलीच नाही. आला तो बारीक, बाईचा आवाज. "मीठ मीच जास्ती टाकलं, आन् नाव जावंवर ढकललं."

लोक हसून लोळायला लागले. त्यांना वाटलं, चौगुला यंदा गंमत करतोय. येसाजीनं तोंडावर हात ठेवला, तर आवाज बोटांतून बाहेर. "ह्या साली तरी म्हायेरी धाडत्याल का?" मग तिसराच आवाज, "मला चिंच खावीशी वाटतीया, पण अजून कुणाला सांगू नगं." गर्दीतली एक नवी सून लाजून आजेसासूच्या मागं लपली. ठकूबाईचा म्हातारा आवाजही निघाला, "म्हातारा गेला त्याला वरीस झालं. अजून ताटं दोनच मांडतीया मी." बायकांचं हसू थांबलं. आपापले शब्द प्रत्येकीनं ओळखले होते.

आणि मग एक आवाज आला, पोरीसारखा, थकलेला. "आक्का, दुखतंय."

हलगी थांबली.

"आक्का, हा हात धरत न्हाई, केस धरतो. आक्का, दार भायेरनं लावलंय. आक्का, दुखतंय गं."

हे सगळं येसाजीच्याच तोंडातून. दहा गावांसमोर. त्यानं दोन्ही हातांनी आयाळ उपटायला घेतली, तर ती गुंतली. जितकी ओढली तितकी गुंतली. असं म्हणतात, ती वाढायला लागली. खांद्यावरून कमरेवर, कमरेवरून पायांत, पायांतून पटांगणभर पसरत देवळाच्या पायरीपर्यंत गेली. येसाजी खाली पडला, हातापायांवर आला. आता तो सोंग राहिला नव्हता, फासात सापडलेलं जनावर झाला होता.

"गोजरे, काढ ह्ये!" तो ओरडला. एवढं मात्र त्याच्या स्वतःच्या आवाजात.

गोजरा पुढं आली. फडकं तिनं पुन्हा सोडलं. "मी नुसतं गाठीवलं. केस माझं न्हाईत. माझ्या डोक्याला हाय का एक तरी? ज्येंचं त्येंनी सोडवायचं."

मग बायका उठल्या. झाडाखालून, भिंतीआडून, गाड्यांवरून उतरून पटांगणात आल्या. आयाळीत हात घातला की प्रत्येकीला आपला केस बरोबर सापडायचा. आपण गर्दीत आपलं पोर हाताला ओळखतो ना, तसा. एकेक बाई आपला केस सोडवून बाजूला होत गेली. ठकूबाई म्हणाली, "माझं पांढरं हाईत बाबा, लगीच गावलं." पण ह्या खेपेला कुणी हसलं नाही. आयाळ उतरत उतरत आली, आणि शेवटी येसाजीच्या उजव्या कानापाशी तेवढा एक झुबका राहिला. चिमणगाठीचा. ती गाठ कुणाच्यानं सुटेना.

"ही गाठ कुणाची?" गोजरानं विचारलं.

सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण ते त्यानंच बोलायला हवं होतं.

"राहीची," येसाजी म्हणाला.

"कुठं हाय राही?"

"घरात."

"आन् दार?"

त्यानं मान खाली घातली. "भायेरनं लावलंय."

ठकूबाई निघाली. तिच्यामागं साऱ्या बायका. पाटील मधे येऊ बघत होता, त्याला त्याच्याच बायकोनं हातानं बाजूला सारलं. कडी काढल्याचा आवाज पटांगणापर्यंत आला, असं म्हणतात. आणि थोड्या वेळानं राही आली. ऊन विसरलेलं माणूस चालतं तशी, डोळ्यांवर हात धरून. कुठं केस होते, कुठं नव्हते. ज्या केसांवर तो भाळला होता त्यांचं त्यानं काय करून ठेवलं होतं, ते दहा गावांनी पाहिलं. पुरुषांनी माना फिरवल्या. गोजरानं फिरवली नाही.

राही सिंहासमोर बसली. त्याच्या कानापाशी बोटं नेली. गाठ ताणली गेली तसा येसाजी कळवळला. "दुखतंय!"

आणि राही, कित्येक दिवसांत जिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता ती राही, लहानपणच्या सवयीनं बोलून गेली, "उगी. सुटलाच बघ."

गाठ सुटली. राहीनं आपले केस बोटाला गुंडाळले, कनवटीला लावले आणि उठली. येसाजी हातापायांवर तसाच बघत राहिला. ती त्याच्याकडं वळली नाही. गोजराजवळ गेली, तिच्या उघड्या डोक्यावर गाल टेकला आणि म्हणाली, "आक्का, घरी चल." दिवेलागण झाली होती. दोघी घरी गेल्या. गोजरानं उंबऱ्यात बसून राहीच्या राहिलेल्या केसांत फणी घातली, आणि किती तरी वर्षांनी त्या गावात 'सुटलाच बघ' ऐकू आलं. मग दिवस उगवायचा राहील कशाला?

राही पुन्हा त्या घरी गेली नाही. येसाजीचं काय झालं म्हणाल तर दोन गोष्टी सांगतात. कुणी म्हणतात, तो गाव सोडून गेला. कुणी म्हणतात, तो गावातच राहिला, पण आवाज गेला तो गेला, आणि पुढं जत्रेत पटांगण झाडायचं काम तो न सांगता करायचा. मला दुसरी बरी वाटते. तुम्हाला हवी ती घ्या.

दोघी बहिणी म्हाताऱ्या होईस्तोवर टोप बांधत राहिल्या. मग एके वर्षी भर दुपारी गोजरा काट्यांवरचे केस वेचायला डोंगरावर गेली आणि परत आली नाही. गाव शोधायला निघालं. गावामागं एक टेकाड आहे, तेव्हा त्याला बोडका माळ म्हणायचे. गवताची काडी तिथं कधी उगवली नव्हती. राही तिथं पोचली तर बोरीच्या काट्याला गोजराचं डोक्याचं फडकं अडकलेलं. आणि माळावर कमरेएवढं गवत, पिवळंधमक, वाऱ्यानं ह्या अंगावरून त्या अंगावर लवणारं. मधून वरपर्यंत एक पायवाट गेलेली, सरळ, जशी कुणी फणीच्या टोकानं ओढलीय. काट्याला अडकलेलं फडकं राहीनं काढलं नाही. "आपणहून ठेवलंय," म्हणाली. त्या टेकाडाला आता गोजराची आयाळ म्हणतात. त्या गवताला अजून विळा लागत नाही, की जनावर सोडलं जात नाही.

आणि जत्रेत अजून सिंह निघतो. मान आता कुठल्या एका घराचा नाही. ज्या पुरुषाला सिंह व्हायचं असेल त्यानं आधी बायकांपुढं खाली बसून भांग पाडून घ्यायचा. मग तो हलगीबरोबर दारोदार जातो. डरकाळी फोडत नाही. उंबऱ्यापाशी गुडघे टेकतो, मान खाली घालतो आणि घरातल्या प्रत्येक बाईला विचारतो, "बाई, दुखतंय का?"

बाईनं बोलायचं नसतं. ती आपलं गुंतवळ आणते आणि आयाळीत बांधते. बहुतेकजणी पाठीवर बांधतात, हसतात, सिंहाला गूळ देतात. पण एखादी उजव्या कानापाशी बांधते, चिमणगाठ मारून. आता ती गाठ गावातल्या प्रत्येक मुलीला शिकवतात, वेणी घालायला शिकवायच्या आधी. कुणी कानापाशी गाठ मारली तर घरच्यांनी का म्हणून विचारायचं नाही, दार लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात गावाची गाडी जुंपून उभी असते. ती म्हणेल तिथं गाडी जाते. आजवर कुणी ती गाडी अडवलेली नाही.

आणि गाठ बांधून झाली की सिंह उठण्याआधी तिला एवढंच म्हणतो, हलक्या आवाजात, फक्त तिला ऐकू जाईल असं.

"उगी. सुटलाच बघ."